हद्दीची भिंत

स्कूटीच्या बगलेला शिडी बांधते मी, आडवी,
टोकाला लाल फडकं.
डिकीत चौदा डबे, पांढरे, पुरीएवढे.
छताला लावायचे. धूर आला की ते ओरडणार.
त्यांचं काम एवढंच,
माझं त्याहून थोडं कमी.

सियागंजच्या दुकानात बाफनासाहेबांनी
स्वतःच्या अक्षरात तक्ता लावलाय:
शहराची हद्द – झोपायच्या दर खोलीत एक, जिन्यात एक.
रूपाखेडी – नव्या घराला एक, जुन्याला माफी.
सेमल्याखाल – विचारून सांगू.
जामणखेडी – काही नाही.
शेवटच्या ओळीपुढे एक टिंब आहे, शाई पसरलेलं,
पेन टेकवून ते बराच वेळ तसेच बसले असावेत.

दार उघडतं आणि पहिला प्रश्न येतो,
"आमच्याकडे सक्तीचं आहे का?"
दहा वर्षांत एकानेही विचारलं नाही
की हा वाजल्यावर पळायचं कुठून.

टोकेकरमावशी फोडणीच्या वेळी
अलार्मला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालतात.
"मोहरी सोसत नाही त्याला," म्हणतात,
नव्या जावयाबद्दल बोलावं तशा.
सोनवलकरांच्या नातवाने बॅटरी काढून
गाडीला लावली; ती गाडी सोफ्याखाली
अजून घरघरते.
मी सगळं वहीत लिहिते. वही कुणी वाचत नाही.

पौषातली गोष्ट. कॉलनीतलं शेवटचं घर, चाळीस नंबर.
त्याची मागची भिंत हीच शहराची हद्द.
भिंतीपलीकडे जामणखेडी,
तिथे भगवती पाटीदार रजया भरते.
खोलीभर कापूस, मधोमध ती,
आणि उंबऱ्याशी सिगडी, कारण थंडी
कुठल्याच नगरपालिकेची परवानगी घेत नाही.

मी अलीकडे शिडीवर. ती पत्र्यावरून डोकावली.
केसांत, भुवयांत कापूस.
"बाई, यांच्याकडे वाजला
तर मला ऐकू येईल?"

मी चाचणीचं बटण दाबून धरायला चाळीस नंबरच्या
पोराला शिडीवर चढवलं,
आणि वळसा घालून, नाल्यावरची फरशी ओलांडून,
धावत तिच्या खोलीत गेले.
दोघी उभ्या राहिलो, कान भिंतीला.
येत होता. बारीक,
गोधडीत गुंडाळलेल्या बाळासारखा.

"येतो," मी म्हटलं.
ती म्हणाली, "पण कापूस तर माझ्याकडे आहे."

मग मी पुन्हा फरशी ओलांडली, शिडी आणली.
तिच्या छताला दोन भोकं पाडली,
भुसा माझ्या डोळ्यांत, कापूस माझ्या नाकात.
पावतीवर रकाना असतो: कोणत्या नियमाने बसवला.
तिथे लिहिलं – भिंत, नऊ इंच.

बाफनासाहेबांनी चष्मा कपाळावर नेऊन पावती वाचली.
"हा कुठला नियम?"
मी तक्त्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
"निम्मे तुझ्या पगारातून," म्हणाले,
आणि उरलेले निम्मे कुणाचे
ते बोललेच नाहीत.

संक्रांतीच्या आदल्या रात्री फोन वाजला.
भगवती.
"वाजला!"
मी अंथरुणात उठून बसले. कुणाकडे?
"पलीकडे, चाळीस नंबरात. तीळ भाजताना करपले.
पण मी आधी आपल्या छताकडे पाहिलं, बरं का.
मग सिगडी बाहेर काढली.
मग भिंत ठोकली."
आणि त्यांनी?
"त्यांनीही ठोकली."

फोन ठेवला. मी माझ्या छताकडे पाहिलं.
भाड्याची खोली, शहराच्या अगदी मधोमध,
तक्त्यातली पहिली ओळ.
पंखा आहे. पाल आहे.
डिकीत अजून तीन डबे आहेत.