स्थावर, जंगम

टेपचं एक टोक प्रिस्किलाबाई धरून उभ्या,
दुसरं माझ्या हातात.
लांबी बेचाळीस फूट, रुंदी एकवीस,
पूर्वेची भिंत मात्र नऊ इंच आखूड.
"लिहा तसंच," त्या म्हणाल्या, "थे चूक नाही.
तिकडे विहीर होती. आता बुजली."

नगरपरिषदेच्या फॉर्मात रकाना: बांधकामाचा प्रकार.
मी लिहितो, काळा दगड, चुना.
चुना कसा, याला रकाना नाही.
बेलफळाचा गर, गूळ, उडदाचं पाणी
आणि छप्पन्नच्या दुष्काळात आलेली माणसं,
शेरभर ज्वारीवर
बैलांच्या जागी घाणीभोवती फिरलेली.

कमान शेख मदार गवंड्याची.
साहेबानं कागदावर टोकदार काढून दिली होती.
मदारनं कागद उलटा धरला, असं गाव सांगतं.
मला नाही वाटत.
बापासोबत इदगाहीला घातली होती
तीच त्याच्या हाताला येत होती.
तिच्याखालून नवरी आत येते, पेटी बाहेर जाते,
दोघींना ती पुरते.

छताला मेळघाटचा साग, वर कवेलू.
खांबांवर कमळं. सुतार म्हणे,
कमळाबिगर खांब उघडा दिसतो.
पाद्रीसाहेबानं तीन दिवस विचार केला
आणि त्यांना भूकमळं म्हणायचं ठरवलं.

घंटेसाठी बुरूज बांधला.
घंटा आलीही होती, जहाजानं, मग रेल्वेनं,
बडनेऱ्याहून बंडीत.
पण चुन्याचे सव्वातीनशे थकलेले.
उसने देणाऱ्या जिनिंगवाल्यानं
ती आपल्याच फाटकात उतरवून घेतली.
पैसे द्या, घंटा न्या.
नव्वद वर्षं ती पाळी सुटल्याची वाजली,
सरकीच्या धुळीत.
इकडे कडुलिंबाला टांगला
हातभर रुळाचा तुकडा.
वाजवायला एक बोल्ट.

मग जिनिंग बंद पडली.
लिलावात उरली तेव्हा मालकाच्या नातवानं
मेटाडोरमधून घंटा आणून दिली,
पावतीही मागितली नाही.
चढवायला अकरा माणसं लागली.
पहिल्या रविवारी प्रिस्किलाबाईंनी दोर ओढला.
आवाज गोल, लांब,
कबुतरं पार तहसीलपर्यंत उडाली,
आणि उपासनेला कोणी आलं नाही.

सगळे न्हाऊन, केस विंचरून
दारात बसलेले, रूळ वाजायची वाट पाहत.
म्हातारा दानीएल सुनेला म्हणाला,
"काहून वं, जिनिंग सुरू झाली का?"

बाईंनी दोर खिळ्याला गुंडाळला,
खाली उतरल्या, बोल्ट घेतला.

शेवटचा रकाना: जंगम मालमत्ता.
मी घंटा लिहिली. वजन अंदाजे.
बाईंनी टेप सोडला, तो सरसरत माझ्याकडे आला.
"आन् थो रूळ?"
रेल्वेचा असेल, मी म्हणालो.
त्यांनी नुसतं वर बोट केलं.
तार फांदीत इतकी आत गेली होती
की साल तिच्यावरून वाढून
पुन्हा मिटली होती.

खोडलं मी.
लिहिलं: झाडासकट, स्थावर.