निळा ठिपका

तुझा फोन माझ्या पिशवीत आहे, प्रज्योती,
डब्याच्या आणि ओल्या छत्रीच्या मध्ये.
चोडणची फेरी आत्ता सुटली.
म्हणजे त्याच्या नकाशावर तू पाण्यात आहेस,
मांडवीच्या मधोमध,
नऊ वाजून दहा मिनिटं, रोजच्यासारखी.

खरी तू मयेच्या रस्त्याला,
डिचोलीच्या बसमध्ये, फिलोमेनाच्या शेजारी,
मांडीवर कागदांची पिशवी.

चवथीला दिला होता ना त्याने हा,
लाल रिबन बांधून?
आम्ही सगळ्या हातात घेऊन बघत होतो,
कॅमेरा किती छान म्हणून.

मग तुझ्या नावाने निरोप येऊ लागले.
भावाला, मावशीला, मला:
‘मला त्रास देऊ नका. ओके.’
मी रागावले.
शेजारच्या मशीनवर बसून
चार महिने तुझ्याकडे मान वळवली नाही.

तू जन्मात कधी ‘ओके’ लिहिलं नाहीस.
तू लिहितेस ‘बरें गो’.
तीन अक्षरं गेली कुठे,
हे विचारायला मला चार महिने लागले,
आणि तू उत्तर दिलंस ते
दोघींचे फोन चिंध्यांच्या खोक्यात पुरून,
आठ मशिनी एकदम चालू असताना,
ओठात टाचण्या धरून.

तो थरथरतोय.
‘कुठे?’
‘फोटो पाठव.’
मग कॉल. स्टीलच्या डब्यावर
माशी अडकल्यासारखा आवाज.
एक बाई माझ्याकडे बघते.
मी नदीकडे बघते.
फेरीवर इंजिनापुढे काही ऐकू येत नाही,
हे त्यालाही माहीत आहे.
पण पलीकडे रायबंदर आहे.

टाकावा का पाण्यात? एकदा हात पिशवीत गेलासुद्धा.
नको.
ठिपक्याला दुकानात पोचायचंय,
तुझ्या मशीनपाशी बसायचंय दुपारपर्यंत,
निदान वकीलबाई
तुझं पहिलं वाक्य लिहून घेईपर्यंत.

फळी खाली आली, साखळ्या वाजल्या.
स्कूटर आधी, मग माणसं.
सहावा कॉल.

मी उतरते. माझी सवय भरभर चालायची.
ठिपका भरभर सरकला तर त्याला कळेल.
म्हणून हळू चालते, गो, तुझ्यासारखी,
डावा पाय जपत.