सदतिसावा खेळ

सावद्याला मे महिन्यात भर दुपारी
कुत्रंसुद्धा ट्रकखालून हलत नाही.
कूलरच्या वाळ्यावर तांब्याभर पाणी मारून
आम्ही चौघं खोलीत : मी, हेमाक्षी, तिचा भाऊ दिगंत,
आणि स्टॅबिलायझर,
जो मध्येच टक् करून आपलं मत सांगायचा.

कन्सोल भुसावळच्या भंगारवाल्याकडचा,
साडेचारशेला, वायरीला काळी टेप.
आत कोणाची तरी विसरलेली तबकडी.
जपानी. वर छापलेला हसरा मुळा.

अक्षरं वाचायची कोणी?
दिगंत म्हणे, हे बघ, ही शिडी,
हे छप्पर, हा केळीचा घड उलटा टांगलेला.
असं करत आम्ही खेळांना नावं ठेवली,
दोन्ही अर्थांनी.

शिंक आवर.
झोपल्या मांजराखालची चादर ओढ.
साहेबापुढे वाक : कमी वाकलास तर नोकरी गेली,
जास्त वाकलास तर कपाळ टेबलावर.
एका बाईला नाकाने शेवया ओढायच्या होत्या,
का, ते तिलाच माहीत.
पाच सेकंद. घंटा. पुढचा.
हरलं की मुळा रडायचा.
जिंकलं तरी रडायचा, जरा वेगळ्या सुरात.

सदतिसावा खेळ मात्र अडला.
बाकावर एक म्हातारा. मागे समुद्र असावा,
आम्ही तापी धरली.
बस्स. ना बाण, ना चेंडू.
गोल दाबलं : उठून गेला.
चौकोन : उठून गेला.
सगळी बटणं एकदम : तरातरा गेला.
हेमाक्षीने वहीत तक्ता आखला,
त्रिकोण, त्रिकोण, खाली. तारीख. वेळ.
शेवटच्या रकान्यात पानभर
गेला गेला गेला.

मग एकदा दिगंत पाणी प्यायला उठला
आणि रिमोट टाकला काकूंच्या मांडीत.
"हात भरेल हायेत ना रे माहे!"
बट्टीचं पीठ कोपरापर्यंत,
दोन्ही हात वर धरून काकू तशाच,
पोलिसाने पकडल्यासारख्या.

म्हातारा बसून राहिला.
एक चिमणी आली, त्याच्या टोपीवर टेकली.
घंटा.
मुळा पहिल्यांदाच हसला, तबकडीवर होता तसा.
आम्ही ओरडलो ते शेजारच्या सरोद्यांना
वीज आल्याचं वाटलं.

अडतिसाव्यात काय होतं, आठवत नाही.

यंदा माळ्यावरून सगळं काढलं.
तबकडीला टूथपेस्ट चोळली, चौथ्यांदा चालू झाली.
हेमाक्षी रावेरला शिकवते. दिगंतचा फोन
दिवाळीला येतो, कधी येत नाही.
म्हणून काकूंनाच बसवलं समोर,
रिमोट दिला हातात.
"काही करू नका, काकू."
"मी कुठी काय करते?"

पण उजवा अंगठा त्यांचा आता आपोआप चालतो,
तांदळातला खडा शोधत असल्यासारखा,
झोपेतसुद्धा, सून म्हणाली.
म्हातारा उठून गेला.
परत लावला. गेला.
तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट हलकेच धरलं,
तर माझाच अंगठा बटणावर.

काकू रिकाम्या बाकाकडे बघत राहिल्या.
"जाऊ दे त्याले," म्हणाल्या,
"घरी वाट पाहत आसीन कोणी."
आणि मग, जरा पुढे वाकून,
"हा मुळा काहाले रडते रे पण?"