बदली

नदी परिवहन खात्यात मी बदली खलाशी.
कुणाला ताप चढला, कुणाच्या घरी सुतक आलं,
की त्याच्या जागी दोर धरायचा.
म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा
मला त्यात नवीन काही वाटलं नाही.
हिरोच्या जागी मरशील का?
चार रात्री. रात्रीचे दोन हजार, आणि जेवण.

गोष्ट जुनीच, तुम्हाला ठाऊक असलेली.
तो येतो म्हणतो, ती वाट बघते,
आणि येतो तेव्हा आडवा येतो.
आमच्या जत्रेतल्या नाटकात हीच
दोन गॅसबत्त्यांच्या उजेडात उरकायची,
नायिका म्हणजे शाळेचा शिपाई,
दाढी गुळगुळीत, आवाज मात्र घंटेसारखा.

नार्व्याच्या धक्क्याशेजारी त्यांनी
संगमरवरी घाट बांधला, प्लायवूडचा.
खाजनाच्या बांधावर सतराशे पणत्या,
माडांना टांगलेली झुंबरं,
चिखलातल्या कुर्ल्या भर रात्री बाहेर येऊन
उजाडलं की काय म्हणून बघत उभ्या.

शेरवानीचं वजन माझ्या धाकट्या मुलीएवढं.
होडीत गुलाब, गुलाबांवर मी, माझ्यावर शाल.
तोंड झाकलेलं.
तोंड त्याचं, ते मुंबईत वेगळं घेणार होते.
पाय तेवढे उघडे,
कारण शेवटी ती पायांवर डोकं ठेवते.

पहिल्या रात्री डासांनी फोडून काढलं.
भोंग्यातून आवाज आला,
मेलेला माणूस खाजवत नाही!
दुसऱ्या रात्री ओहोटी लागली, होडी चिखलात बसली,
आणि एक पोरगा वही घेऊन
नदीचा मॅनेजर कोण, असं विचारत फिरला.
आगुस्तीनने त्याला आकाशातला चंद्र दाखवला.

तिसऱ्या रात्री ती रडली.
बाटलीतलं पाणी डोळ्यांत घालताना
शालीच्या विणीतून मी पाहिलं होतं.
पण कपाळ पायांना टेकलं ते कढत.
ताप होता तिला, खराखुरा,
आणि तिच्या जागी कुणी बदली नव्हती.
ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती,
सातला हुंदका, बाराला किंकाळी.
मीही तिच्याबरोबर मोजू लागलो.
मेलेल्याने तेवढ्या वेळात काय करायचं असतं
ते कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या रात्रीचं विशेष काही आठवत नाही.

वर्षभराने सिनेमा म्हापशाला लागला.
बाल्कनीचं तिकीट काढून सुकांतीला नेलं.
दोन तास ती साड्यांचे काठ बघत होती,
मध्ये एकदा, एवढं तेल दिव्यांना? म्हणाली.
मग होडी आली.
सगळं थेटर गप्प. तिने माझं मनगट धरलं.
हे पांय तुजे, म्हणाली.
आणि रडायला लागली.
अशी, की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली.
अगो, हांव हांगाच आसां, मी म्हटलं.
दोनदा म्हटलं. ती ऐकेना.
मनगट तिच्या मुठीत होतं आणि नजर पडद्यावर,
अंगठ्याच्या त्या काळ्या नखावर,
जे रँपखाली सापडलं त्या दिवशी
तिने घरी न रडता हळद भरली होती.
नायिकेने सातला हुंदका दिला.
ही मोजत नव्हती.

परतताना शेवटच्या फेरीत आम्ही दोघं,
तीन स्कूटर आणि एक कुत्रा.
आगुस्तीनने वरून विचारलं, कसा काय सिनेमा?
लांब, ती म्हणाली.

घरी तिने भिरंडेलाचा गोळा दिव्यावर धरला,
वितळला तसा माझ्या टाचांच्या भेगांत भरत बसली,
एकेक भेग, घाई न करता.
दुसरी टाच संपत आली तेव्हा बोलली,
परत कधी मरशील,
तेव्हा टाचा तरी बऱ्या असू देत.

सकाळी सहाला ड्यूटी होती,
कुणाच्या जागी ते विसरलो.
लोखंडी रँपवर पाय सारखे घसरत होते.