चुन्याची डबी

नदीकाठच्या आमच्या गल्लीत
आता तीनच हातोड्या उरल्यात; एक माझी.

वान्नालॉम आली तेव्हा भट्टी नुकती पेटत होती.
स्कूटरच्या डिकीतून तिनं काढलं
जुन्या सिन लुगड्याच्या काठात गुंडाळलेलं
आईच्या आत्याचं पानाचं तबक:
सुपारीची डबी, सालीची डबी,
तंबाखूची, ओठांना लावायच्या मेणाची,
पानं उभी ठेवायची निमुळती नळी,
आणि चुन्याची, सगळ्यांत धाकटी,
भोपळ्यागत पोट सुटलेली.

"यातून कंबरपट्टा होईल ना?
पुढच्या महिन्यात लग्न आहे."

होईल की.
चांदीला काय, ती आधीही कुणीतरी होती.
हे तबकसुद्धा माझ्या बापानं
फ्रेंचांच्या नाण्यांतून घडवलेलं,
नाण्यावरची ती बसलेली बाई
मुकुटासकट वितळवून.
आत राळ भरायची, मग बाहेरून
एकेक पाकळी ठोकत आणायची.
मी तेव्हा आठ वर्षांचा, भाता ओढणारा.
सुपारीच्या झाकणावरचा हत्ती जरा लंगडा आहे.
तो माझा ठोका.
बापानं बघितलं, काही बोलला नाही.
मेथाव बुआसीनं हसून तोच पसंत केला.

तराजूत एकेक टाकत गेलो.
चुन्याची डबी आकाराच्या मानानं जड.
उघडली:
हळदीनं कुंकवासारखा लाल झालेला चुना
तळाशी दगड होऊन बसलेला,
आणि त्यात बोटाचा खळगा,
एका अंगाला झुकलेला.
डावखुरी होती बुआसी. मी विसरलोच होतो.

"खरवडून काढा," पोर म्हणाली,
"नाहीतर वजनात तुम्हालाच चुना लागेल."
हसली. पांढरेशुभ्र दात.
बुआसीचे चिंचोक्यांसारखे, काळे, चकचकीत;
पांढरे दात कुत्र्याचे, असं म्हणायची ती.

डबी मी बाजूला सरकवली.
मजुरीत धर, म्हटलं.
बाकीचं सगळं मुशीत गेलं.
हत्ती शेवटी,
आधी पाय, मग तो ठोका.
तंबाखूचा वास आला क्षणभर
आणि मी उगाच दाराकडे बघितलं.

पट्टा झाला. चांगला झाला.

लग्नात मागच्या चटईवर बसलो होतो.
मनगटांना पांढरे दोरे बांधून झाले,
थोरल्यांपुढे विडा फिरवायची वेळ आली
आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.
कुणीतरी पळत जाऊन
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात
चार सुपाऱ्या, थोडी पानं आणली.
चुना नव्हता.

आहेरासाठी आणलेली डबी
मी खिशातून काढून पुढे केली.
कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं
त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले,
खळग्यात बोट घातलं.
बसेना.
मग तिनं डावा हात
पदराला पुसला.