राखलेली पट्टी

पोलेसियात आता यंत्र कापणी करतं,
काडाचा पार भुगा होतो.
म्हणून विकेन्त्सी बर्चच्या कडेची
चार हात राय उभीच सोडतो यादविगासाठी.
फोरमनला सांगतो, तिथं दगड आहेत.

ती विळा घेऊन येते. ओंब्या वेगळ्या:
त्यांचं पीठ, त्याची आंबूस काळी भाकर,
शिळ्या तुकड्यांचं फेसाळ क्वास.
काड्या मात्र ओल्या फडक्यात
रात्रभर, तापलेल्या पोरासारख्या.

दाराशी गिऱ्हाईक. टोपी उलटी करून विचारतं,
"गवताला एवढे पैसे?"
यादविगा बोटं पुढे करते.
बारीक चिरा, पांढऱ्या, जुन्या.
गिऱ्हाईक पाकीट काढतं.
घासाघीस तरीही करतंच.

विकेन्त्सीला तिनं एक फुकट दिली,
रुंद काठाची, सातपदरी वेणीची.
त्यानं कुंपणावर टांगली, विहिरीवर गेला,
परत येतो तर घोडी शांतपणे
काठ चघळत उभी.

यादविगा पोट धरून हसली.
"हिला बरोबर कळलं," म्हणाली,
"कशाची आहे ते."

मग उरलेला घेर उचलून
उजेडात फिरवत राहिली:
वेणी कुठं सुटली,
कुठं नाही.