कच्ची शिवण

ऑगस्टात पुलमनच्या हवेत गव्हाचा भुसा असतो.
टेकड्यांवर रात्रभर दिवे लावून यंत्रं कापणी करतात
आणि मी स्टेडियमच्या तळघरात, ड्रायरच्या घरघरीत,
बेसबॉलच्या शर्टांच्या बाह्या उसवत बसते.

एकेचाळीस शर्ट. प्रत्येक डाव्या बाहीवर जुन्या लीगचा बिल्ला.
कडेनं दाट टाका, वर आणखी एक फेरा.
ज्यानं शिवले
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लॉस एंजेलिसचे दोघे पंगतीतून आधीच उठले होते,
यजमानाकडे न बघता.
मग डोंगरातला एक. मग गेल्या वर्षीचा तो शुक्रवार,
एका दुपारी पाच पानं रिकामी.
त्यात सिएटलवालेही,
ज्यांच्याशी आमचं शंभर वर्षांचं हाडवैर,
म्हणजे जवळजवळ नातंच.
शेवटी खाडीकाठचे दोघे हुशार, खाली मान घालून.
बारांपैकी उरलो आम्ही
आणि ओरेगनमधलं आमच्यासारखंच एक गाव,
समोर मीठ-लिंबू, वाढपी गायब.

आता नावात दहा असलेल्या लीगमध्ये अठरा संघ आहेत.
अटलांटिकच्या नावाची लीग पॅसिफिकपर्यंत येऊन पोचली.
डार्लीन म्हणते, बाई गं, भूगोलाचे मास्तर कुठे गेले सगळे?

व्हर्न टोलेफसन सामानाचा ट्रक चालवतो, सव्वीस वर्षं.
स्नोक्वाल्मीच्या घाटात कुठल्या वळणावर
हेल्मेटांची पेटी घसरते ते त्याला झोपेतही कळतं.
परवा ऑफिसात गेला, टोपी हातात धरून म्हणाला,
कुठं जायचं ते सांगा, जाईन.
दोन वर्षांनीही तिथंच जायचंय का, तेही सांगा.
त्यांनी त्याला कॉफी दिली.

सकाळी धान्याच्या कोठारासमोरच्या हॉटेलात
म्हातारे कागदी रुमालावर बाण काढतात:
बॉइझी इकडे, सॅन डिएगो इकडे,
टेक्सासातलं कुणी येतंय म्हणे, आलं तर.
आवाज तोच, गव्हाचा भाव सांगतानाचा.
भाव शिकागोत ठरतो, टीव्हीचा आकडा न्यूयॉर्कात.
इथे फक्त रुमाल संपतात.

काल ओकासियो आला, डावखुरा, एकोणीस वर्षांचा.
त्याची आई टेम्पीला दवाखान्यात रात्रपाळी करते.
दोन वर्षांतून एकदा सामना तिच्या घरापासून
बसच्या सहा थांब्यांवर व्हायचा,
म्हणून तर इथं आलो, म्हणाला,
इतक्या थंडीत.
नव्या वेळापत्रकात ते शहर नाही.
माझ्या डब्यातून त्यानं एक उसवलेला बिल्ला उचलला,
पाठीमागचे तुटके दोरे एकेक करून काढले,
आणि विचारलं, घेऊ का?
मी हिशेबात चाळीस लिहिले.

बाबा इचलकरंजीला कबड्डीच्या बनियनांवर नंबर शिवायचे.
एकदा मंडळ फुटलं, निम्मी पोरं पलीकडच्या गल्लीत गेली,
आणि दोन्हीकडचे तेच बनियन घेऊन
बाबांकडेच आले, नाव बदलायला.
त्यांनी दोघांकडून पैसे घेतले.
त्या रात्री जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

बिल्ला निघाला की खालचं कापड दिसतं,
न धुतलेलं, उन्हाला न लागलेलं,
पहिल्या दिवसाचं किरमिजी.
बाकीची बाही विटलेली. हे मला माहीत नव्हतं,
रोज हातात घेऊनही.

नवा बिल्ला जुन्यापेक्षा बोटभर लहान आहे.
कुठेही ठेवला तरी एका बाजूनं गडद कड उरते.
मी मध्ये ठेवून पाहिला, मग वर, मग जरा तिरका.

तेवढ्यात डार्लीन जिन्यावरून फोन वाचत उतरली.
अजून एक जण निघालाय म्हणे. कोण ते नक्की नाही.
चष्मा कपाळावर सरकवून तिनं बाही पाहिली,
माझ्या हातातली सुई पाहिली.

कच्चंच घाल, म्हणाली.
लांब टाके.